बाबांच्या नऊ इंग्रजी ओळी

माझ्या बाबांना इंग्रजीच्या नऊ ओळी पाठ होत्या आणि त्यातल्या एकीचाही अर्थ त्यांना ठाऊक नव्हता. नऊच्या नऊ प्रामाणिकपणाबद्दल. तालुक्याच्या शाळेत त्यांचे एक मास्तर होते. ते रोज प्रार्थना झाली की मुलांना रांगेत उभं करून त्या ओळी म्हणायला लावत. चुकलं की बोटांच्या पेरांवर फूटपट्टी. अर्थ सांगायची पद्धत नव्हती. मास्तरांना तरी सगळा माहीत होता की नाही, देव जाणे. मुलं नुसता आवाज पाठ करत, आणि बाबांनी तो साठ-पासष्ट वर्षं तोंडात जपला होता. मास्तर जिथे श्वास घेत असतील, तिथेच बाबा श्वास घेत.

त्या ओळी मी इथे उतरवत नाही. जुन्या आहेत, कुठल्या ना कुठल्या शाळेच्या भिंतीवर तुम्ही वाचल्याच असतील. पण बाबांच्या तोंडून ऐकल्या नसतील तर वाचून काय उपयोग? त्यांच्या म्हणण्यात शब्द एकमेकांना चिकटून यायचे आणि शेवटचा शब्द उंच जाऊन तिथेच राहायचा, कोणी तरी खाली उतरवेल याची वाट बघत.

आणि वापर कुठे करावा याला काही धरबंध नव्हता. एसटीचा कंडक्टर सुटे नाहीत म्हणाला की एक ओळ. बँकेतल्या साहेबानं उद्या या म्हटलं की दुसरी. माझ्या लग्नाच्या बोलणीत मुलाकडच्यांनी ठरलेली तारीख अचानक बदलायची गोष्ट काढली, तेव्हा बाबा पानाला चुना लावता लावता एक ओळ म्हणाले. नेमकी ती दिलेला शब्द पाळण्याबद्दलची निघाली. मुलाचे काका कॉलेजात शिकवणारे होते, त्यांनी तो विषयच मागे घेतला आणि तारीख तीच राहिली. बाबांना वाटलं, आपल्या उच्चारानं काम झालं. मला मात्र त्या ओळींची तेव्हा भयंकर लाज वाटायची. पुढे मी स्वतः एकतीस वर्षं मराठी शाळेत इंग्रजी शिकवलं, शेकडो पोरांना अर्थ सांगितले, पण घरी बाबांना कधी सांगितला नाही. त्यांनी विचारला नाही, मी सांगितला नाही. आमच्या घरात बऱ्याच गोष्टी अशाच राहत.

बाबा एकोणऐंशीचे होते तेव्हा दसऱ्याच्या सुमाराला त्यांचं पोट दुखायला लागलं. ते गावी एकटेच राहायचे, नरखेड तालुक्यात, आमच्या संत्र्याच्या बगिच्यात. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बगिच्यात दोन खोल्या, एक विहीर आणि वीस वर्षांपासून कामावर असलेला आमचा सालदार. त्यानं फोन केला की मालक दोन दिवसांपासून जेवले नाहीत. मी त्यांना नागपूरला, रामदासपेठेत माझ्याकडे आणलं. मी निवृत्त, नवरा गेलेला, मुलगी परदेशी, फ्लॅटमध्ये जागाच जागा. मग धंतोलीतल्या दवाखान्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. धंतोलीत ज्यांनी दिवस काढले त्यांना माहीत असतं की तिथे वेळ वेगळाच चालतो. बाकांवर यवतमाळ, वर्धा, गोंदियाकडून आलेली माणसं प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल घेऊन बसलेली असतात आणि सगळ्यांचे डोळे त्याच एका दाराकडे. मीही तशीच बसले.

डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलले. बाबा आमच्या दोघांच्या मधे बसले होते. डॉक्टर बोलत होते, मी विचारत होते, ते उत्तर देत होते, आणि बाबा कौतुकानं एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होते. आपली पोरगी एवढ्या मोठ्या डॉक्टरशी फाडफाड इंग्रजी बोलते याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता. डॉक्टर सांगत होते की ऑपरेशनचा उपयोग नाही, या वयात औषधाचा मारा करू नये, दुखणं कमी राहील एवढं पाहू, आणि तीन-चार महिने धरून चाला.

आमच्याकडे अशा आजाराचं नाव पेशंटसमोर घेत नाहीत. तशी रीतच आहे, कोणाला शिकवावी लागत नाही. पुण्याहून दादाचा फोन आला, पहिलंच वाक्य, "बाबांना काही सांगायचं नाही." मीही म्हटलं, "छे, सांगायचं कसं?" आम्हा बहीणभावांचं एवढ्या लवकर एकमत आयुष्यात दुसऱ्या कुठल्या गोष्टीवर झालं नसेल.

त्या संध्याकाळी बाबा म्हणाले, "कागद वाचून दाखव ना वं." मी रिपोर्ट घेऊन त्यांच्या शेजारी बसले. आणि वर्गात धडा वाचून दाखवायची तसं एकेका ओळीवर बोट ठेवून मी त्यांना मराठीत सगळं वाचून दाखवलं. आतड्याला सूज आहे. जुनी सूज आहे. औषधानं उतरेल, पण वेळ लागेल. पथ्य पाळावं. यातलं एक अक्षर त्या कागदावर नव्हतं. बोट मात्र मी बरोबर पुढे नेत होते, ओळ संपली की खालच्या ओळीवर. बाबा माझ्या बोटाकडे बघत होते. एकदाही माझी ओळ चुकली नाही, हे मला अजून खुपतं.

दिवाळी झाली आणि बाबांनी बहाराची गोष्ट काढली.

ज्यांनी संत्र्याचं झाड जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. संत्र्याला फुलवायचं असेल तर आधी त्याचं पाणी तोडावं लागतं. महिना-दीड महिना झाडाला प्यायला काही देत नाहीत. याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, वळतात, काही गळतात. मग पाणी सोडलं की झाड पांढरं होईस्तोवर फुलतं. थंडीत ताण दिला तर फेब्रुवारीच्या आसपास फुलं, तो आंबिया बहार. मे महिन्याच्या उन्हात ताण दिला तर पाऊस लागला की फुलं, तो मृग. एका वर्षात दोन्ही घेत नाहीत, झाडाला झेपत नाही. कुठला घ्यायचा ते मालकानं ठरवायचं.

बाबा बहुतेक आंबियाच घेत. आणि फुलं आली की त्या दहा-बारा दिवसांत त्यांची खाट घरातून निघून झाडांखाली जायची. तिथेच चहा, तिथेच जेवण, दुपारची झोपही तिथेच, अंगावर पाकळ्या पडत असायच्या. लहानपणी मी शाळेतून आले की आधी बगिच्यात जायची आणि त्यांच्या खाटेवर पायथ्याशी लवंडायची. मधमाश्यांचा आवाज एवढा असायचा की थोड्या वेळानं तो ऐकूच येईनासा व्हायचा. त्या वासात कितीदा झोपले आणि कितीदा जागी झाले ते मला आज वेगळं काढता येत नाही. बाबांच्या आयुष्यात त्यांनी एवढंच मागितलं असेल, वर्षातले हे दहा-बारा दिवस.

"मले बगिच्यात खाट टाकायची हाय," ते म्हणाले. "बहार कोणताबी चालन. तू कागद वाचला, डॉक्टराशी बोलली. मी कवा उठून फिरीन थे सांग. त्याच्यावर ठरवतो, आंबिया घ्याचा का मृग."

मला आजही तो क्षण दिसतो. ते अंगावर शाल घेऊन बाल्कनीत बसले होते आणि मी पालक निवडत होते. मी म्हटलं, "मृग घ्या, बाबा. थंडीत अशक्तपणा राहील. पावसाळ्यापर्यंत ठणठणीत व्हाल."

लांबची तारीख देणं सोपं असतं. दुसरं काही माझ्या मनात नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे सालदाराला फोन लावला. यंदा आंबिया नाही, झाडाचं पाणी चालू ठेव, मृग घेऊ, बाईनं सांगितलं. आणि मी पालकाची जुडी उलगडत बसले. तीन-चार महिने म्हणजे फार तर मार्च. जून कुठून आणणार होते मी त्यांच्यासाठी? जिवंतपणी आणखी एक बहार बघायचा त्यांचा हक्क मी पालक निवडता निवडता काढून घेतला होता आणि त्यांनी मला वरून शाबासकी दिली होती.

डिसेंबर लागला. नागपूरची थंडी सुरू झाली की आमच्या बाल्कनीत दुपारी बारा ते तीन ऊन येतं. त्या उन्हात बाबांची आरामखुर्ची आणि माझी चटई. ते अर्धे जागे, अर्धे झोपेत. औषधानं त्यांना ग्लानी यायची आणि त्यांच्याजवळ बसून मलाही. खाली रस्त्यावर रिक्षा, कुठे तरी कुकरची शिट्टी, समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी. त्या दुपारी आठवायला बसले तर एकमेकींत मिसळून जातात, सगळ्या मिळून एकच लांबलचक दुपार होती असं वाटतं. अशाच एका दुपारी बाबा डोळे मिटूनच म्हणाले, "काहून वं, माह्या ओळीत काय लिहिलं हाय?"

"कुठल्या ओळीत?"

"इंग्रजीच्या. तू एवढी शिकली, मले कधी सांगितलं नाही."

"तुम्ही कधी विचारलंत?"

"मास्तराले एकदा विचारलं होतं. फूटपट्टी भेटली."

मग रोज दुपारी एक ओळ असं सुरू झालं. ते ओळ म्हणायचे, आधी मास्तरांच्या आवाजात, मग हळूहळू, शब्द सुटे करत. मी अर्थ सांगायची. पहिल्या ओळीत एक सैतान निघाला. खरं बोलण्यानं त्या सैतानाला कशी लाज येते असा तिचा रोख, तो मी सांगितला. बाबांनी उन्हाकडे तोंड केलं आणि डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "खरं बोललं का त्याले लाज वाटते. मंग बोलाच्या आधी आपल्याले काहून वाटते?"

मी म्हटलं, "तुम्ही आता मास्तरांसारखे प्रश्न विचारू नका."

"मास्तर कायचे प्रश्न विचारते? थो तर मारे."

दुसऱ्या दिवशीच्या ओळीत फावडं निघालं, फावड्याला फावडंच म्हणावं असं सांगणारी ती. बाबांना हसू आवरेना. एवढी वर्षं आपण बँकेतल्या साहेबाला काय ऐकवत होतो तर फावड्याची गोष्ट. हसता हसता पोटात कळ आली आणि मी घाबरून उठले, तर ते हातानंच मला बस म्हणाले. दिलेल्या शब्दाच्या ओळीचा अर्थ सांगितला तेव्हा माझ्या लग्नाची बोलणी आठवून ते पुन्हा हसले. "म्हंजे त्या काकाले बरोब्बर लागलं होतं तं," म्हणाले, आणि त्या दिवशी जेवण दोन घास जास्त गेलं.

मला मात्र दर दुपारी आत काही तरी टोचायला लागलं होतं. एका ओळीत खोटं बोलणाऱ्याच्या स्मरणशक्तीचा विषय होता. तिचा अर्थ सांगताना माझी जीभ अडखळली, कारण आदल्याच दिवशी मी त्यांना सूज उजव्या बाजूला आहे म्हटलं होतं आणि त्याच्या आधी कधी तरी डाव्या. त्यांनी ती चूक धरली नाही. माझ्यावर त्यांचा भरोसाच एवढा की चूक शोधायचा प्रश्नच नव्हता. अशा माणसाला फसवणं किती सोपं असतं आणि फसवून झाल्यावर त्याच्यासमोर बसणं किती जड जातं, ते मी त्या महिन्यात शिकले. रात्री दादाला फोन करून म्हणायची, सांगून टाकू या का. तो म्हणायचा, वेडी आहेस का, धक्का बसेल, आहेत ते दिवस तरी सुखाचे जाऊ दे. त्याचंही चुकत नव्हतं. तो रडायचा फोनवर, मोठा माणूस.

एक दिवस सालदाराचा फोन आला. बाबांनी स्पीकर लावला होता. तो सांगत होता की आजूबाजूचे सगळे बगीचे ताणावर गेले, पानं वळून राहिली, आपलाच एक हिरवागार हाय, लोकं विचारून राहिले. बाबा म्हणाले, "लोकाइचे झाडं उपाशी, आपले जेवून राहिले. जूनमधी पाह्य म्हणा." सालदार म्हणाला, "मालक, पक्कं ना? अजूनबी पानी तोडता येते." बाबा म्हणाले, "पक्कं. पोरीनं स्वता कागद वाचला." मी स्वयंपाकघरात उभी होते. मला दारात जाऊन सांगता आलं असतं. मी नळ सोडला आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली.

नववी ओळ उरली होती. डिसेंबर संपत आला होता, गारठा वाढला होता आणि बाबा आता खुर्चीत बसण्यापेक्षा चटईवर आडवे राहायचे. मी त्यांच्या डोक्याशी बसले होते. त्यांनी ओळ म्हटली. अर्धवट खऱ्याबद्दलची ती. मी अर्थ सांगितला, की थोडं खरं सांगून बाकीचं झाकून ठेवलं तर ते सबंध खोट्यातच जमा होतं.

"नाही समजलं," बाबा म्हणाले. "उदाहरण देऊन सांग. वर्गात देत होती तसं."

वर्गात मी उदाहरण दिल्याशिवाय कधी पुढे गेले नाही. पोरांना कळेपर्यंत दोन, तीन, चार उदाहरणं द्यायची. आताही तोंड उघडलं. आणि मला दुसरं एकही उदाहरण सुचेना. खरंच सुचेना. एकतीस वर्षांच्या नोकरीत जेवढी उदाहरणं दिली होती तेवढी सगळी कुठे गेली कोण जाणे. बाबा उन्हात डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होते, वाट बघत होते.

"उदाहरण म्हणजे तुमचा रिपोर्ट, बाबा," मी म्हटलं.

मग मी सगळं सांगितलं. आजाराचं नाव घेतलं. डॉक्टर काय म्हणाले ते, इंग्रजीत कसं म्हणाले आणि मराठीत मी काय केलं ते. बोट ठेवून जे वाचलं ते त्यात नव्हतं, हेही सांगितलं. बोलताना मी त्यांच्याकडे बघितलं नाही, चटईच्या काठाचे धागे ओढत राहिले. त्यांनी एकदाच विचारलं, "किती?"

"तीन-चार महिने म्हणाले होते. त्यातले जवळजवळ दोन गेले."

खाली एक माणूस रद्दीवाला, रद्दीवाला करत गल्लीतून पुढे गेला. मग बाबा म्हणाले, "तू मले मृग सांगितला."

एवढंच. आजाराबद्दल नाही, मरणाबद्दल नाही. मी रडायला लागले. त्यांनी मला समजावलं नाही, डोक्यावरून हात फिरवला नाही. रागच आला होता त्यांना, आणि त्यांनी तो लपवला नाही. म्हणाले, "फोन लाव." मी सालदाराला फोन लावून त्यांच्या कानाशी धरला.

"पानी बंद कर," बाबा म्हणाले. "आजपासून. हो, आंबिया घ्याचा. हो, उशीर झाला, मले माहीत हाय. तू बंद कर."

दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. पाणी दे, गोळी दे, लाइट बंद कर. दादाला कळलं तेव्हा त्यानं मला इतकं बोलून घेतलं की पुढे महिनाभर आमचं नीट बोलणं नव्हतं. तिसऱ्या दिवशी बाबांनी स्वतःच त्यांची पिशवी भरायला घेतली. आम्ही गावी गेलो. निघण्याआधी डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या लिहून दिल्या आणि या वेळी बाबांच्या डोळ्यांत बघून, मराठीत, कशा घ्यायच्या ते सांगितलं.

गावचा जानेवारी मला स्वप्नात चालल्यासारखा आठवतो. सकाळी धुकं विहिरीपर्यंत यायचं आणि तिथेच बसून राहायचं. पाणी तुटलेली झाडं दिवसेंदिवस मलूल होत होती आणि खोलीत बाबाही. मी दोघांकडे बघत फिरायची. बाबा सुरुवातीला काठी घेऊन चार झाडं हिंडून यायचे, पान चुरगाळून बघायचे, ताण बसला नाही म्हणायचे. मग दारापर्यंत, मग खाटेपर्यंतच. त्यांचा राग केव्हा गेला ते मला कळलं नाही. एका दुपारी मी त्यांच्या पायाला तेल लावत होते तर म्हणाले, "तुह्या जागी मी असतो तं मीबी मृगच सांगितला असता." थोड्या वेळानं म्हणाले, "पण चुकीचंच असतं थे." मी म्हटलं, हो बाबा.

फेब्रुवारीत सालदारानं मोटर लावली. पाटातून पाणी गेलं. बाबा पडल्या पडल्या मोटरचा आवाज ऐकत होते, किती वेळ चालली ते विचारत होते. त्यानंतर रोज सकाळी एकच काम. मी बगिच्यात जायची, रांगेनं सगळी झाडं बघायची आणि परत येऊन सांगायची. त्यांच्या खोलीच्या खिडकीतून विहीर दिसायची आणि निंबाचं झाड, बगीचा नाही. आत आले की ते नुसती मान उचलायचे. मी म्हणायची, नाही. दुसऱ्या दिवशी, नाही. तिसऱ्या दिवशी, कोवळी पानं आहेत, कळी नाही. शेजारच्या बगिच्यांत फुलं येऊन गेली होती, बारीक हिरवी फळं धरली होती. आमची झाडं नुसती पालवत होती. उशिराचा ताण त्यांनी मानलाच नव्हता.

पंधरवडा गेला. बाबा आता दिवसातले दोन-तीन तास जागे असत. सालदार विहिरीजवळ मला म्हणाला, "बाई, आला म्हणून सांगून द्या ना. त्याइले कुठं दिसून राहिलं? शेजाऱ्याच्या उशिराच्या झाडावरची एखांदी फांदी आणून देतो मी." त्याचे डोळे भरले होते. दादा पुण्याहून आला होता, तोही म्हणाला, "आता तरी बोल. आता काय बिघडतं?" मी दोघांवरही चिडले आणि नंतर एकटी विहिरीच्या कठड्यावर बसून राहिले, कारण माझ्याही मनात तेच होतं. एक शब्द बोलायचा. एवढंच तर हवं होतं त्यांना. मी खोलीत गेले, त्यांनी मान उचलली आणि मी म्हटलं, "नाही, बाबा." त्यांनी मान खाली ठेवली. तो दिवस मला फार कठीण गेला.

मार्चचा पहिला आठवडा असेल. ऊन कडक झालं होतं. मी सवयीनं निघाले, बघतही नव्हते खरं तर. उत्तरेकडच्या बांधालगत, जिथे जमीन मुरमाड आहे आणि पाणी लवकर ओसरतं, तिथल्या झाडांपाशी मला वास आला. मी थांबले. पानांच्या आत पांढरं होतं. एका झाडावर बऱ्यापैकी, दुसऱ्यावर थोडं, पुढच्या तीन-चार झाडांवर एकेक फांदी. बाकी सगळा बगीचा हिरवा. मी प्रत्येक झाडाभोवती फिरून बघितलं, दोनदा बघितलं, आणि पदर खोचून धावत आले.

बाबांच्या नाकाला वास येत नव्हता बरेच दिवस, म्हणून मी फांदी तोडून आणली नाही. फांदी कुठूनही आणता येते. दादा पायथ्याशी बसला होता, सालदार दारात. बाबांनी मान उचलली नाही, नुसते डोळे माझ्याकडे वळवले.

"आला, बाबा," मी म्हटलं. "पण थोडा आहे. उत्तरेच्या बांधाला पाच-सहा झाडांवर. बाकी कुठेच नाही. येणारही नाही आता."

दादानं माझ्याकडे असं बघितलं की काय गरज होती एवढं सगळं सांगायची.

"सारा बगीचा भरला म्हणली असती," बाबा म्हणाले, थांबत थांबत, "तं मी समजलो असतो का तू माह्यं मन राखून राहिली. थोडा म्हणते, म्हंजे खराच आला." मग त्यांनी हात खाटेच्या कडेवर ठेवला. "उचला मंग."